खुलासा : खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीतली वाळू बदलताना जुनं पाणी राखणं पुरेसं नाही

‘जुनं पाणी साठवा, सगळी वाळू एकदम काढा; जिवाणू पाण्यातच असतात’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

माशांच्या घाणीतून तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात : लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले सच्छिद्र दगड), वाळू, फिल्टर मीडिया (फिल्टरमधला स्पंज, खडे वगैरे). पाण्यात ते फारच थोडे असतात. म्हणून दगड आणि मीडिया टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवा, नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने जिवाणू मरतात.

वाळू एका वेळी पाव भागच काढा, सायफनच्या नळीने, आणि पुढच्या भागाआधी दोन आठवडे थांबा. हातांनी उकरू नका. जुन्या, जाड थराखाली ऑक्सिजन नसतो. तो ढवळला की सडलेल्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड पाण्यात मिसळतो, तो माशांना विषारी असतो. वास आलाच तर मासे वेगळ्या भांड्यात हलवा.

नवी वाळू आरओ पाण्यात धुऊन पीव्हीसी पाइपमधून तळाशी सोडा, वर कपभर जुनी स्वच्छ वाळू पसरा. आठवडाभर रोज अमोनिया तपासा. तो दिसला तर खाणं कमी करा आणि तेवढ्याच क्षारतेच्या, तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने थोडं पाणी बदला.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.