एरिक्सन लसीमुळे कोसळला नाही, आणि त्याचं करिअरही तिथे संपलं नाही

माझ्या ताईने भाच्याचा फुटबॉलचा सराव बंद केलाय. पोरगा कोल्हापुरात एका पेठेच्या संघात, ज्युनिअर गटात, मिडफिल्डला खेळतो. त्याला काहीही झालेलं नाही. झालं एवढंच की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन भर सामन्यात कोसळतो आणि खाली मराठीत चार दावे. एक, बारा दिवस आधी त्याने फायझरची लस घेतली होती आणि त्याच्या इटलीतल्या क्लबच्या, इंटर मिलानच्या, डॉक्टरांनी ते रेडिओवर कबूल केलं. दोन, लस येण्याआधी खेळाडू असे मैदानात पडत नव्हते. तीन, एरिक्सनचं करिअर त्याच दिवशी संपलं आणि ते जगापासून लपवलं गेलं. चार, आपल्या मुलांनाही तीच लस दिलीय, म्हणून त्यांना मैदानावर पाठवू नका.

हा दावा २०२१ पासून फिरतोय आणि तेव्हाच खोटा ठरला होता. तरी तो आज माझ्या घरात एका मुलाचा खेळ थांबवतोय, म्हणून हे लिहितोय.

पहिला दावा. १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या पार्कन स्टेडियमवर फिनलंडविरुद्ध पहिला हाफ संपत आला असताना एरिक्सन कोसळला. तेव्हा तो इंटर मिलानचा खेळाडू होता. त्याला कोविड झाला नव्हता आणि त्याने लसही घेतली नव्हती, हे इंटरचे संचालक ज्युसेप्पे मारोत्ता यांनी लगेच इटालियन टीव्हीवर सांगितलं. ज्या रेडिओचं नाव या मजकुरात घेतात, त्या रेडिओ स्पोर्तिव्हाने तर इंटरच्या डॉक्टरांचं असं कुठलंही विधान आपण प्रसारित केलं नसल्याचं जाहीर केलं. लसच घेतली नव्हती, मग पुढचं सगळं कशावर उभं आहे?

एक गोष्ट मान्य करतो, कारण ती खरी आहे. फायझर आणि मॉडर्नाच्या लसींनंतर, मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये आणि बहुधा दुसऱ्या डोसनंतर, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचे प्रकार आढळले. ते दुर्मीळ होते, बहुतेक रुग्ण बरे झाले, पण आढळले. ते नाकारायचं कारण नाही. मात्र न घेतलेल्या लसीने कुणाच्याही हृदयाला सूज येत नाही.

दुसऱ्या दाव्याचा मला खरा संताप आहे. ‘आधी कुणी पडत नव्हतं’ हे लिहिणाऱ्याने फुटबॉल कधी पाहिलाच नसावा, आणि मेलेल्या खेळाडूंची नावंसुद्धा पुसून टाकायला त्याला काही वाटलेलं नाही. कॅमेरूनचा मिडफिल्डर मार्क-विव्हियन फोए २६ जून २००३ ला फ्रान्समध्ये लिऑनला, कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात, जवळ कुणीही नसताना कोसळला आणि गेला. हृदयाचे स्नायू जन्मजात दोषामुळे जाड झाल्याचं शवविच्छेदनात निघालं. २००७ मध्ये सेव्हियाचा अँटोनिओ पुएर्ता. १४ एप्रिल २०१२ ला इटलीत पेस्काराच्या मैदानावर लिव्होर्नोचा मिडफिल्डर पिएरमारिओ मोरोसिनी. त्याच्या महिनाभर आधी लंडनमध्ये बोल्टनचा फॅब्रिस मुआम्बा, तोही मिडफिल्डर, वय २३. त्याचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं. प्रेक्षकांत बसलेले एक हृदयरोगतज्ज्ञ धावत मैदानात उतरले, सगळ्यांनी छाती दाबणं सोडलं नाही आणि मुआम्बा वाचला.

परदेशातली नावं नको असतील तर आपल्याकडचं सांगतो. ५ डिसेंबर २००४, बंगळुरू, फेडरेशन कपची फायनल. गोव्याच्या डेम्पोकडून ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनिअर खेळत होता. मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच. दुसरा गोल करताना गोलकीपरशी टक्कर झाली, तो पडला तो उठलाच नाही. डेम्पोने कप जिंकला, पण खेळाडू गमावला. गोव्यात त्या काळी फुटबॉल पाहणाऱ्या कुणालाही विचारा. तेव्हा कुठे होती कोविडची लस?

‘करिअर संपलं, लपवलं’ हे तर कुणालाही दोन मिनिटांत तपासता येतं. एरिक्सनच्या छातीत आयसीडी, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडले की आतूनच शॉक देणारं यंत्र, बसवलं आणि असं यंत्र असलेल्या खेळाडूला इटलीत खेळू देत नाहीत. म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये इंटरबरोबरचा करार संपला. तिथलं करिअर संपलं, एवढंच खरं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफोर्डकडून मैदानात उतरला. मार्चमध्ये डेन्मार्कसाठी ॲमस्टरडॅमला बदली खेळाडू म्हणून आला आणि दोन मिनिटांच्या आत गोल केला. तीनच दिवसांनी पार्कनवर, जिथे त्याचं हृदय थांबलं होतं त्याच मैदानावर, सर्बियाविरुद्ध गोल. मग मँचेस्टर युनायटेड, कतारचा वर्ल्ड कप, २०२४ चा एफए कप. १६ जून २०२४ ला युरोमध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध सतराव्या मिनिटाला गोल. २०२५ मध्ये तो जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गेला. हे सगळं कोट्यवधी लोकांनी टीव्हीवर पाहिलंय.

राहिला चौथा दावा, आणि ताई, हा तुझ्यासाठी. ‘तीच लस’ आपल्या मुलांना मिळालेलीच नाही. फायझरची लस भारताच्या लसीकरण मोहिमेत कधी आलीच नाही. १५ ते १८ वयाच्या मुलांना जानेवारी २०२२ पासून कोव्हॅक्सिन दिली आणि १२ ते १४ च्या मुलांना मार्चपासून कोर्बेव्हॅक्स. सुजेचा जो धोका मी वर मान्य केला, तो ज्या प्रकारच्या लसींचा आहे, त्या प्रकारात या दोन्ही बसत नाहीत.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पोटच्या पोराची काळजी आहे ती. पण ती योग्य जागी लाव. पळताना त्याला कधी चक्कर आली का, छातीत दुखलं का, आपल्या घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, हे डॉक्टरांना सांग आणि ईसीजी काढून घे. इंटरच्या आधी इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबमध्ये असताना एरिक्सनच्या हृदयाच्या तपासण्या दरवर्षी होत आणि त्या नॉर्मल असत, हे त्या तपासण्या पाहणारे प्राध्यापक संजय शर्मा यांनी सांगितलंय. म्हणजे तपासणीत सगळं सापडतंच असं नाही. त्या दिवशी कॅप्टन सिमोन केअर धावत त्याच्याजवळ पोचला, डॉक्टरांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केली आणि डिफिब्रिलेटरच्या, म्हणजे बाहेरून शॉक देणाऱ्या यंत्राच्या, एका शॉकने हृदय पुन्हा सुरू झालं. संघाचे डॉक्टर मॉर्टन बोसन यांनी नंतर हेच सांगितलं.

म्हणून त्याला सरावाला पाठव आणि तूही एकदा सोबत जा. संघाच्या लोकांना विचार, डिफिब्रिलेटर आहे का, छाती दाबून जीव कसा वाचवायचा ते कुणाला येतं का, ॲम्ब्युलन्स किती वेळात पोचते. उत्तर ‘नाही’ आलं तर बाकीच्या पालकांना घेऊन आपण दोघं त्यांना भेटू. आणि ग्रुपवर ज्यांनी हा व्हिडिओ टाकला त्या काकांना मी फोन करतोय. तो त्यांनी स्वतः काढावा, आणि ज्यांना पुढे पाठवला त्यांनाही कळवावं.