जेफरसनचं उत्तर वाचायचं, तर आधी त्याला आलेलं पत्र वाचा

आमच्या आजोबांच्या खोलीत खिडकीजवळ एक तार टांगलेली असायची. वर आकडा, खाली लाकडी चकती. आलेलं पत्र वाचून झालं की ते त्या तारेत टोचायचं. पोस्टकार्डं, आंतर्देशीय, मनिऑर्डरच्या पावत्या, सगळं त्यातच. जुनं घर पाडायचं ठरलं तेव्हा मी ती तार घेऊन आले आणि दोन-तीन रात्री वाचत बसले. एका पत्रात धाकटे आजोबा लिहितात, ‘ती. दादांस साष्टांग नमस्कार वि. वि. आपण लिहिलेत ते वाचून फार वाईट वाटले.’ काय लिहिलं होतं आजोबांनी? ते कळायला आता काहीच मार्ग नाही. तारेत फक्त आलेली पत्रं राहतात, गेलेली नाहीत.

म्हणून थॉमस जेफरसनच्या पत्रव्यवहाराचं मला इतकं अप्रूप वाटतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा आणि पुढे तिसरा राष्ट्राध्यक्ष झालेला हा माणूस. आयुष्यात त्याने एकोणीस हजारांच्या आसपास पत्रं लिहिली. १७८३ पासून १८२६ मध्ये मरेपर्यंत त्याने आवक-जावक वही ठेवली होती. कोणाला कधी लिहिलं, कोणाचं कधी आलं, सगळं तारीखवार. १८०४ पासून त्याच्या टेबलावर पॉलिग्राफ नावाचं यंत्र होतं. खोटं पकडणारं नव्हे, नक्कल करणारं. लाकडी दांड्यांनी जोडलेल्या दोन लेखण्या. एक हातात धरून लिहायचं, शेजारच्या कागदावर दुसरी आपोआप तेच अक्षर, तीच वळणं उमटवत जायची. मूळ पत्र टपालात, नक्कल घरात.

हे कागद प्रिन्स्टन विद्यापीठाने छापायला घेतले, पहिला खंड १९५० साली आला आणि काम अजून चालूच आहे. शिवाय २०१३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन या देश उभा करणाऱ्या पुढाऱ्यांची पत्रं ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर फुकट खुली केली आहेत. त्यामुळे पत्र आणि त्याचं उत्तर, दोन्ही आपल्याला घरबसल्या वाचता येतं. तरीही आपण काय करतो? जाहीरनाम्यातलं ‘सर्व माणसं समान जन्माला येतात’ हे एक वाक्य उचलतो आणि फोटोखाली चिकटवतो. नाहीतर ‘तो गुलाम बाळगणारा होता’ एवढं म्हणून त्याला मोडीत काढतो. दोन्ही बाजूंनी कागद न उघडताच निकाल. मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते तीन पत्रांवरून सांगते.

३१ जुलै १८१४. एडवर्ड कोल्स नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण जेफरसनला पत्र लिहितो. तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष मॅडिसनचा खाजगी सचिव आहे. जेफरसनच्याच व्हर्जिनियातला, त्याच्याच अल्बेमार्ल काउंटीतला, तसल्याच मळेवाल्या घरातला. वडील वारले तेव्हा वारशात गुलाम वाट्याला आले आणि ते त्याच्या मनाला खाऊ लागले. तो अदबीने विनवतो की व्हर्जिनियातली गुलामगिरी हळूहळू संपेल अशी योजना तुम्ही मांडा, तुमचा शब्द लोक ऐकतील. आपण स्वतः आपले गुलाम घेऊन राज्य सोडायचं ठरवलंय, हेही सांगतो.

जेफरसनचं उत्तर २५ ऑगस्टचं. सुरुवात इतकी मोकळी आहे की वाचताना आशा वाटते. पत्र वाचून विशेष आनंद झाला, या लोकांची बाजू न्यायही मांडतोय आणि देशप्रेमही, इतका काळ ती ऐकली गेली नाही हा आपल्यावर ठपका आहे, असं तो लिहितो. आणि मग मागे सरतो. हे काम तरुणांचं. मला सांगणं म्हणजे ग्रीक महाकाव्यातल्या म्हाताऱ्या प्रायम राजाला त्याच्या योद्ध्या मुलाचं, हेक्टरचं, चिलखत चढवायला सांगणं. माझ्याकडे आता फक्त प्रार्थना उरलीय. मध्येच हेही, की हे लोक लहान मुलांसारखे आहेत, स्वतःचं स्वतः बघू शकणार नाहीत, आणि दोन रंगांचा संकर म्हणजे अधोगती. हे लिहिणाऱ्याची सॅली हेमिंग्ज या त्याच्याच गुलाम स्त्रीपासून झालेली मुलं तेव्हा मॉन्टिसेलोत, म्हणजे त्याच्या मळ्यावरच्या घरी, वाढत होती, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. शेवटी कोल्सलाच सल्ला, की राज्य सोडू नकोस, गुलामांना सोडून जाऊ नकोस.

इथेच थांबलं तर ‘बिचारा म्हातारा, काळच तसा होता’ असं म्हणता येतं. पण तिसरं पत्र आहे. २६ सप्टेंबरला कोल्स पुन्हा लिहितो. आवाज चढवत नाही. फक्त फ्रँकलिनची आठवण देतो, की त्याने तुमच्यापेक्षा मोठ्या वयात अशीच अवघड कामं केली. मला हे वाक्य वाचून अंगावर काटा आला. जेफरसन तेव्हा ७१ वर्षांचा होता. फ्रँकलिनने फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरीविरोधी अर्जावर सही करून तो काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, पाठवला तेव्हा तो ८४ वर्षांचा होता. एप्रिलमध्ये गेलाच.

आणि वयाचं कारण किती खरं, तेही जेफरसनच्याच कागदांत सापडतं. १८१९ मध्ये, ७६ व्या वर्षी, त्याने व्हर्जिनिया विद्यापीठ उभं केलं. १८२२ मध्ये जॉन अ‍ॅडम्सला लिहिताना तो सांगतो की वही काढून एका वर्षात आलेली पत्रं मोजली, तर १२६७ भरली. पॅरिसमध्ये मोडलेलं उजवं मनगट आयुष्यभर दुखत होतं, तरी उत्तरं लिहिणं थांबलं नाही. कष्टाला तो भीत नव्हता. हेच एक काम त्याने हाती घेतलं नाही.

‘आजच्या मापाने इतिहास मोजू नका’ असं आपल्याकडे प्रत्येक वादात कोणीतरी म्हणतंच. मान्य. पण कोल्स कुठे आजचा होता? तोच काळ, तोच गाव, तोच वर्ग. माप त्याच टपालाने आलं होतं.

जेफरसनच्याच हाताच्या शेतीच्या वहीत, ‘फार्म बुका’त, गुलामांच्या याद्या आहेत. नाव, जन्माचं साल, कोणाला कांबळं दिलं, कोणाला मासे, किती. मला ती पानं फार जड गेली. आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती. मृत्युपत्राने त्याने पाच जणांना मुक्त केलं. कर्ज एक लाख डॉलरच्या वर गेलं होतं, म्हणून जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोच्या आवारात १३० गुलाम लिलावात काढले गेले.

म्हणून जाहीरनामा खोटा ठरतो, असं मी म्हणत नाही. ते वाक्य नसतं तर कोल्सने त्याला साकडं घातलंच नसतं. जेफरसनच्या वाक्यावर जेफरसनपेक्षा जास्त विश्वास ठेवणारा माणूस त्याच्याच शेजारी राहत होता, आणि हे फक्त पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी वाचला तरच दिसतं.

कोल्स गप्प बसला नाही. १८१९ च्या वसंतात तो आपल्या गुलामांना घेऊन इलिनॉयकडे निघाला. ओहायो नदीवर बोटी एकमेकींना बांधल्या, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं की या क्षणापासून तुम्ही मोकळे. पुढे प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन दिली. १८२२ मध्ये तो इलिनॉयचा गव्हर्नर झाला, आणि तिथे गुलामगिरी आणण्याचा घाट १८२४ च्या मतदानात हाणून पाडायला जिवाचं रान केलं.

३१ जुलै, २५ ऑगस्ट, २६ सप्टेंबर १८१४. तीनच पत्रं आहेत. चहा घेत बसलात तर एका बैठकीत होतील, फक्त तारखेच्या क्रमाने वाचा.