प्रेग्नेनोलोनची चोरी होतच नाही

‘ताण वाढला की शरीर प्रेग्नेनोलोन पळवून त्याचं कॉर्टिसॉल करतं, म्हणून टेस्टोस्टेरॉन आटतं, पाळी बिघडते. लाळेची तपासणी करा आणि प्रेग्नेनोलोनच्या गोळ्या घ्या.’ हा मजकूर आकृतीसकट फिरतो आहे. आकृतीत प्रेग्नेनोलोनची, म्हणजे ज्यापासून शरीर बाकीची स्टेरॉइड हार्मोन्स बनवतं त्या कच्च्या मालाची, एक टाकी आणि दोन नळ: एक ताणाच्या हार्मोनचा, कॉर्टिसॉलचा, दुसरा टेस्टोस्टेरॉनसारख्या लैंगिक हार्मोन्सचा. घोळ टाकीतच आहे.

शरीरात अशी सामायिक टाकी नाही. कोलेस्टेरॉलपासून प्रेग्नेनोलोन पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात बनतं आणि बहुतेक त्याच पेशीत खर्ची पडतं. कॉर्टिसॉल मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथीच्या बाह्यकाच्या मधल्या थरात तयार होतं, तर पुरुषाचं जवळपास ९५ टक्के टेस्टोस्टेरॉन वृषणात. एका ग्रंथीने दुसरीच्या पेशीतला माल उचलून आणावा, अशी वाटच नाही. आणि टंचाई तरी कसली? रोजचं कॉर्टिसॉल साधारण १० मिलिग्रॅम. त्यासाठी कोलेस्टेरॉल कमी पडत नाही.

ताणाने टेस्टोस्टेरॉन घटतं, पाळी लांबते, हे मात्र खरं. पण तिथे मेंदूकडून येणारा हुकूमच मंदावलेला असतो: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचे संकेत विरळ होतात आणि वृषणाला किंवा अंडाशयाला हुकूम देणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन, एलएच, उतरतं. म्हणून एलएच मोजायचं.

साखळी खरोखर तुटते ती कॉर्टिसॉल बनवायला लागणारं २१-हायड्रॉक्सिलेज एन्झाइम जन्मतः कमी असताना, आणि तिथे प्रवाह आकृतीच्या नेमका उलटा असतो. कॉर्टिसॉलची वाट अडते, ॲड्रेनलला चालना देणारं पिट्युटरीचं हार्मोन एसीटीएच वाढतं, अडलेला माल ॲन्ड्रोजेनकडे, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या जातीच्या हार्मोन्सकडे वळतो. अडथळ्याआधीचा टप्पा, १७-ओएचपी (१७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन), साचतं, तेच मोजतात. नमुना सकाळी ८च्या सुमारास, पाळीच्या पहिल्या काही दिवसांत. चक्राच्या उत्तरार्धात घेतला तर अंडं सुटल्यावर अंडाशयात उरणारा कॉर्पस ल्युटियमही १७-ओएचपी बनवतो आणि निरोगी बाईचा अहवालही वर दिसतो. २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आकडा आला तर २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचून ६० मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात. १,०००च्या वर गेला तर या कमतरतेचं निदान जवळपास पक्कं.

लाळेची तपासणी निरुपयोगी नाही. रात्री उशिराचं लाळेतलं कॉर्टिसॉल कुशिंगच्या, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या आजाराच्या, शोधात कामी येतं, ‘चोरी’ मात्र त्यात दिसत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध चालू असेल तर अनेक इम्युनोअसे, म्हणजे अँटिबॉडीवर चालणाऱ्या तपासण्या, त्यालाच कॉर्टिसॉल समजतात. केसांसाठीचं जास्त मात्रेचं बायोटिन हे जीवनसत्त्वही काही किटवर स्टेरॉइडचे आकडे खोटे फुगवतं, तेव्हा रक्त देण्याआधी ते लॅबला सांगा. बायकांचं टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं, की ते रेणूंच्या वजनावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीवर मोजलेलं बरं.

राहिली गोळी. एलएच कमी असताना वरून प्रेग्नेनोलोन घेऊन वृषणाला तो हुकूम पोचत नाही.