प्रतिक्रियेला उत्तर: मापाचा ब्लाउज असताना टेप कशाला?

नमस्कार ताई, एवढी मोठी आणि रोखठोक कमेंट टाकलीत, आवडलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंचं म्हणणं असं की पुण्यात आज्या-आयांपासून सगळ्या टेलरकडे मापाचा ब्लाउज टाकून येतात आणि तो छान बसतो, मग मी मापांची भलीमोठी यादी देऊन शिकणाऱ्या मुलींना उगाच घाबरवते. आणि दुसरं म्हणजे टेपखाली दोन बोटं घालून माप घ्यायचं हे मी लिहिलंच नाही, म्हणून त्यांच्या लेकीचा ब्लाउज काखेत घट्ट झाला.

मापाच्या ब्लाउजचं अर्धं मान्य. तोच टेलर, तसंच कापड, तोच कट आणि अंगही तेवढंच असेल तर खुशाल टाका, मी पण टाकते. पण टू बाय टूच्या सुती कापडाचा, दहा वेळा धुतलेला ब्लाउज मापाला देऊन त्यावरून खण नाहीतर सिल्क शिवायचं म्हटलं की गडबड होते, कारण तेव्हा तुम्ही अंग मोजत नाही, जुनं कापड मोजता, जे धुऊन आटलेलं असतं आणि गळ्याशी ताणलेलं पण असतं. शिवाय अंग थोडं भरलं की आपण काय करतो, बाजूची मार्जिन उसवतो. म्हणजे छाती वाढली, पण शोल्डर आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो काखेचा गोल, जुनाच, आणि आधीच्या टेलरने केलेली चूक पण तशीच्या तशी नव्या ब्लाउजात येते.

आता दोन बोटं. इथे मी अजिबात ऐकणार नाही हां! अंगाचं माप वेगळं आणि लूज, म्हणजे अंगापेक्षा जास्त ठेवलेली मोकळीक, वेगळं. टेप अंगाला टेकलेली, आवळलेली नाही, श्वास नेहमीचा, आणि पाठीमागे ती खाली घसरत नाही ना हे आरशात बघायचं, बास. लूज धरायचं ते कागदावर, कटिंग आखताना. समजा छाती 36 आहे. अंगाबरोबर बसणाऱ्या सुती ब्लाउजला मी एकूण 2 इंच लूज धरते, म्हणजे कागदावर छातीचा चौथा भाग 9 आणि वर लूजचा चौथा भाग अर्धा इंच, शिलाईची मार्जिन वेगळी. तुम्ही बोटं घालून 37.5 लिहिलं आणि त्यावर परत तेच 2 इंच धरले की तयार माप 39.5 झालं, साडेतीन इंच लूज, मग ब्लाउज पाठीवर फुगला की टेलर वाईट! आणि बोटं कोणाची? तुमची आणि तुमच्या लेकीची पण सारखी नसतील.

बरं, काखेत घट्ट होण्याचा छातीशी संबंध असेलच असं नाही. मला तर ताई मुंढ्याचाच संशय येतोय. हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो, काखेत काचतो, मग आपण काय करतो, मुंढा अजून खाली कापतो, आणि ते उलटंच होतं. मुंढा जितका खोल तितकी बाही अंगाला खाली जोडली जाते आणि हात उचलला की बाजू घेऊनच वर येते. म्हणून हात खाली सोडून, खांद्याच्या हाडावरून काखेखालून फिरवून मुंढ्याचं माप घ्या, दंडघेर घ्या, आणि पाठीची रुंदी एका काखेच्या घडीपासून दुसरीपर्यंत. कागदावर मुंढ्याचा गोल मोजताना टेप आडवी नको, कडेवर उभी धरा, नाहीतर वळणावर माप चुकतं. माझी यादी लांब होते ती ह्यामुळेच, दोघींची छाती 36 असली तरी एकीची पाठ रुंद असते आणि एकीचा पुढचा भाग भरलेला, नुसत्या चौथ्या भागाला ते कसं कळणार.

आणि हो, टेप तपासा. कापडी टेप वापरून वापरून ताणते, एकदा स्टीलच्या फूटपट्टीला लावून बघा. ब्लाउजखाली जी ब्रा घालणार तीच घालून माप घ्यायचं, हे तर सगळ्याच विसरतात. पाठीची मापं स्वतःची स्वतः घेऊ नका, हात मागे नेला की खांदा हलतो, सोसायटीतल्या कुणालातरी हाक मारा.

तुम्ही लिहिलंय की पुढचा ब्लाउज पैठणीचाच आहे. मग तर तो पीस आत्ता कापूच नका, चुकला तर तसाच काठ कुठल्या मॅचिंग सेंटरमध्ये शोधणार? लक्ष्मी रोड पालथा घातला तरी मिळायचा नाही. आधी मांजरपाटाचा कच्चा शिवा, बाह्यांसकट, घालून हात वर करून बघायला सांगा लेकीला. आणि तिच्या मुंढ्याचं, दंडाचं आणि पाठीचं माप इथेच लिहा, कमेंटमध्ये तुम्ही फक्त छाती आणि कंबर दिलीये, त्यावरून मी तरी काय सांगू.