जयपूरच्या त्या ५० जोडप्यांविषयी

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. माझ्या लिखाणावर तुमचे आक्षेप दोन आहेत. मानसशास्त्रज्ञ स्टर्नबर्गचा प्रेमाचा त्रिकोण (प्रेमाच्या तीन बाजू: जवळीक, आसक्ती, बांधिलकी) अमेरिकेतला, तो आपल्या संसारांना लावू नये, हा पहिला. ठरवून केलेल्या लग्नात प्रेम वाढत जातं आणि प्रेमविवाहात ओसरतं, हे जयपूरच्या संशोधनानं सिद्ध केलंय, हा दुसरा.

पहिल्यात तथ्य आहे. स्टर्नबर्गनं १९८६ साली हा सिद्धांत मांडला तो अमेरिकेत, आणि तिथे जोडीदार निवडतात ती दोघंच. आपल्याकडे बांधिलकी अनेकदा साखरपुड्यालाच पक्की होते, बाकीच्या दोन बाजू मागून येतात किंवा येतही नाहीत.

पण मग दुसरा आक्षेप कसा टिकतो? गुप्ता आणि सिंग यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या जयपूरच्या त्या अभ्यासात प्रेम मोजलं होतं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ झिक रुबिनच्या प्रश्नावलीनं. ती १९७० ची, मिशिगन विद्यापीठातल्या अविवाहित जोड्यांवर तपासलेली. अमेरिकी मोजपट्टी नको म्हणायचं आणि तिनंच काढलेलं माप मात्र पुरावा म्हणून द्यायचं, हे मला पटत नाही.

शिवाय जोडपी होती ५०. दोन्ही प्रकारच्या लग्नांत आणि संसाराच्या वर्षांनुसार ती विभागली की एकेका गटात मूठभरच उरतात. आणि मुख्य म्हणजे एकाच जोडप्याकडे वर्षानुवर्षं पुन्हा जाऊन कुणी विचारलेलं नाही. नवी लग्नं वेगळी, दहा वर्षांपेक्षा जुनी वेगळी. त्यांची एकदाच तुलना केली. त्यावरून 'या गटाचे गुण जास्त' एवढं म्हणता येतं, 'प्रेम वाढलं' असं नाही. रीगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिकेतल्या भारतीय विवाहितांना विचारलं, तेव्हा दोन्ही प्रकारांत प्रेमात किंवा समाधानात फरक आढळला नाही. तो अभ्यासही लहानच, त्यामुळे त्यावरही मी इमला बांधणार नाही.

मी इतकं लांबण लावतोय, कारण 'प्रेम काय, लग्नानंतर होतंच' हे वाक्य आपल्या घरांत नकार देऊ पाहणाऱ्या मुलीला ऐकवलं जातं, आणि आता त्याला संशोधनाची मोहर लागते आहे. ठरवून झालेल्या अनेक लग्नांत गाढ प्रेम असतं, ते मी नाकारत नाही. फक्त तिच्या नकारापुढे जयपूरचा आलेख ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.