पाच विजय, सहा दिवस, एक छप्पर: एनएआयए स्पर्धा बेंचवर जिंकली जायची

मार्च आला की आपल्याकडचे बास्केटबॉलवेडे पहाटे उठून एनसीएए या अमेरिकेतल्या मोठ्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे सामने बघतात. जरूर बघावेत. पण अमेरिकेतली महाविद्यालयीन बास्केटबॉलची सर्वांत जुनी राष्ट्रीय स्पर्धा ती नव्हे. तो मान एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या संघटनेच्या पुरुषांच्या स्पर्धेचा. ती 1937 साली मिसुरीतल्या कॅन्सस सिटीमध्ये सुरू झाली. एनआयटी ही आमंत्रित संघांची स्पर्धा 1938 ची, एनसीएए 1939 ची. माझं स्पष्ट मत आहे की खेळाडूंची, आणि त्याहून जास्त कोचची, इतकी कडक परीक्षा दुसऱ्या कुठल्याच कॉलेज स्पर्धेने घेतली नाही. याचं कारण तिच्या रचनेत आहे.

एएयू या हौशी खेळाडूंच्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा 1935 मध्ये कॅन्सस सिटी सोडून डेन्व्हरला गेली. शहरात नवं कोरं म्युनिसिपल ऑडिटोरियम उभं राहिलं होतं आणि त्याला शोभेल अशी स्पर्धा उरली नव्हती. बेकर युनिव्हर्सिटीचे एमिल लिस्टन यांनी पुढाकार घेतला. सोबत होते जेम्स नेस्मिथ, ज्यांनी 1891 मध्ये हा खेळच शोधून काढला. पहिल्या वर्षी आठ संघ आले आणि सेंट्रल मिसुरीने मॉर्निंगसाइडला हरवून विजेतेपद घेतलं. दुसऱ्याच वर्षी संघ झाले 32. हा आकडा लक्षात ठेवा. 1939 च्या पहिल्या एनसीएए स्पर्धेत आठच संघ होते आणि तिला 32 वर पोचायला 1975 उजाडावं लागलं.

32 संघ, बाद पद्धत, म्हणजे विजेत्याला पाच सामने. ते सगळे एकाच इमारतीत, एकाच मैदानावर, सहा दिवसांच्या आसपास. पहिल्या फेरीचे 16 सामने दोन दिवसांत उरकायचे, म्हणजे दिवसाला आठ. एका सामन्याला दोन तास धरले तरी सकाळी सुरू झालेला खेळ मध्यरात्रीपर्यंत चालणार. मधल्या एखाद्या सामन्यात पाच मिनिटांचा जादा वेळ झाला की पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं. जेवण सामन्याच्या तीन-चार तास आधी उरकलेलं असतं, त्याचं गणित बिघडतं. वॉर्म-अप करून तयार झालेले खेळाडू पॅसेजमध्ये उभे राहून थंड पडतात. म्हणून जाणते कोच वॉर्म-अप दोन टप्प्यांत करून घेतात: स्ट्रेचिंग आणि हलकं धावणं बाहेरच, आणि मैदान मिळाल्यावर फक्त शूटिंग आणि ले-अप. शिवाय आपला पहिला सामना दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्या संघाच्या वाट्याला विश्रांतीचा एक दिवस कमी येतो. ड्रॉ निघाल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या नावाआधी हे बघायचं असतं.

आता मिनिटांचा हिशेब. सामना 40 मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे 200 खेळाडू-मिनिटं. सुरुवातीच्या पाचांना प्रत्येकी 36 मिनिटं खेळवलं तर 180 तिथेच संपतात आणि सगळ्या बेंचला मिळून 20 उरतात. त्याऐवजी त्यांना 28 मिनिटं दिली तर 140 होतात, आणि उरलेली 60 मिनिटं चार राखीव खेळाडूंना प्रत्येकी 15 प्रमाणे देता येतात. पाच सामन्यांत पहिल्या पद्धतीचा खेळाडू 180 मिनिटं पळतो, दुसऱ्या पद्धतीचा 140. फरक 40 मिनिटांचा, म्हणजे अख्ख्या एका सामन्याचा! अंतिम फेरीत समोरासमोर आलेल्या दोन संघांपैकी एक संघ पाचवा सामना खेळत असतो आणि दुसरा, पायांच्या हिशेबाने, सहावा.

हे दिसतं कुठे? सगळ्यात आधी जंप शॉटमध्ये. शॉटची ताकद पायांतून येते. पाय थकले की चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतो. डावी-उजवी दिशा बरोबर असते, फक्त लांबी कमी पडते. मग बचावात पाय सरकत नाहीत म्हणून हात पुढे जातात आणि फाउल होतात. पाच फाउलला खेळाडू बाहेर, त्यामुळे पहिल्या हाफमध्येच मुख्य गार्डचे दोन फाउल झाले तर त्याला बसवावंच लागतं. त्याच्या जागी येणाऱ्याने आधीच्या सामन्यांत घाम गाळलेला नसेल तर तो उपांत्यपूर्व फेरीच्या दडपणात चेंडू हातचा घालवतोच. म्हणून आठवा-नववा खेळाडू पहिल्याच सामन्यात, निकाल अजून लागायचा असताना उतरवावा लागतो. वीस गुणांची आघाडी झाल्यावर दिलेली चार मिनिटं या कामाची नाहीत.

हे गणित सर्वांत छान सोडवलं जॉन मॅक्लेंडन यांनी. ते कॅन्सस विद्यापीठात नेस्मिथ यांचेच विद्यार्थी. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना तिथल्या विद्यापीठ संघातून खेळू दिलं नव्हतं. त्यांच्या टेनेसी स्टेटने 1957, 1958, 1959 अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली. सलग 15 विजय. फास्ट ब्रेक (चेंडू मिळताच वेगाने चढाई), पूर्ण मैदानभर प्रेस (चेंडूवाल्यावर सतत दबाव) आणि हे सगळं पेलणारी शारीरिक तयारी. पुढे एनबीएत खेळलेला डिक बार्नेट त्याच संघातला. पुढे 1970 ते 1972 केंटकी स्टेटनेही सलग तीनदा जिंकून दाखवलं. त्यांच्या ट्रॅव्हिस ग्रँटने 1972 च्या स्पर्धेत एका सामन्यात 60 गुण केले. साठ गुणांचा खेळाडू असूनही एवढ्या सामन्यांचं ओझं एकटा माणूस वाहू शकत नाही. पहिल्या दोन विजेतेपदांच्या वेळी एल्मोर स्मिथसारखा सेंटर रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) काढून देत होता म्हणून संघ धावू शकला.

टेनेसी स्टेट आणि केंटकी स्टेट ही दोन्ही ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांची महाविद्यालयं, आणि ती इथे का जिंकली हेही नीट समजून घ्यावं. सुरुवातीला या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. 1947 मध्ये इंडियाना स्टेटचे कोच जॉन वुडन यांनी क्लॅरेन्स वॉकर या आपल्या खेळाडूला घेता येत नाही म्हणून आमंत्रणच नाकारलं. 1948 मध्ये बंदी उठली, वॉकर खेळला आणि संघ अंतिम फेरीत लुइव्हिलकडून हरला. 1953 पासून कृष्णवर्णीय महाविद्यालयांना प्रवेश मिळाला. वुडन यांची यूसीएलएमधली दहा विजेतेपदं सगळ्यांना पाठ असतात. 1947 चा त्यांचा नकार मला त्या विजेतेपदांइतकाच मोठा वाटतो.

1975 ला स्पर्धा केम्पर अरीनात गेली, 1994 ला टल्सा शहरात, आणि 2002 ला परत म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये आली. 2021 पासून मात्र रचनाच बदलली. एनएआयएचे दोन विभाग एकत्र केले, पुढे 64 संघ घेऊ लागले, पहिल्या दोन फेऱ्या कॉलेजांच्या मैदानांवर ठेवल्या आणि कॅन्सस सिटीला 16 संघच जाऊ लागले. जास्त संघांना संधी मिळाली आणि प्रवासाचा खर्च वाचला, हे मान्य. पण वरचं मानांकन असलेल्या यजमान संघाला घरचे प्रेक्षक आणि ओळखीचं मैदान मिळतं. मध्ये काही दिवस मोकळे मिळतात, त्यात सहा-सात खेळाडूंवर भागवणारा संघही सावरतो. दुखरा घोटा बरा होतो, पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ निवांत बघता येतात. जुन्या पद्धतीत रात्री जिंकलात की सकाळपर्यंत बचावाची आखणी तयार हवी असायची. 64 संघ ठेवा, पण शेवटचे 32 एका छपराखाली आणा, अशी माझी ठाम भूमिका आहे.

आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांतही लागोपाठ दिवस सामने असतात, आधी बाद फेरी आणि शेवटी साखळी. तिथे जाणाऱ्या कोचनी यंदा एकच करून बघावं: प्रत्येक खेळाडूची मिनिटं वहीत लिहायला एक माणूस बसवा, आणि तिसऱ्या दिवशी कोणाचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागतात ते त्या आकड्यांशी ताडून पाहा.