मामा, ते प्लास्टिकचंच आहे की

आज होटगी रोडला एका कार्यालयात नात्यातला साखरपुडा होता. जेवणं उरकली, पान तोंडात टाकून जरा टेकलो, तर बहिणीचा पोरगा शेजारी येऊन बसला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दाढी कोरलेली. कानाशी येऊन म्हणतो, "मामा, घोडा आणलाय का? दोन फोटो काढू, स्टेटसला."

मी म्हटलं, लायसनचं पिस्तूल आहे बाळा, कार्यात मिरवायला नसतं. तर हसला. "राहू द्या मामा, तसंही तुमचं ते प्लास्टिकचंच आहे की. फोटोत खेळण्यासारखं दिसतं."

घरी येऊन दोन तास झाले, अजून डोक्यातून जात नाही. पोरानं फोटो मागितला ह्याचा राग आला, की प्लास्टिकचं म्हणाला ह्याचा? सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्याचा जास्त आला.

आमची सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची अडत आहे हे बहुतेकांना माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत हैदराबाद रोडला गाड्यांची रांग लागते, तेव्हा रोकड सांभाळणं म्हणजे काय हे अडत्यालाच विचारा. २०१७ साली आमच्या दिवाणजींच्या डोळ्यांत मिरचीपूड टाकून भरदुपारी बॅग हिसकावली. साठीचा माणूस, रस्त्यात बसून लहान पोरासारखा रडत होता. पैशाचं सोडा, त्यांचं ते रडणं बघून मी लायसनचा अर्ज केला. चौकशा झाल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून झालं, हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला झाला, कमिशनर ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. लायसन एकदाचं आलं आणि २०१९ ला पिस्तूल घेतलं. .३२ बोअर, पॉलिमर (म्हणजे टणक प्लास्टिक) बॉडी, आपल्याकडंच बनलेलं. काळं, चौकोनी, ना नक्षी ना लाकडी मूठ. शेंगाचटणीच्या अर्ध्या किलोच्या पुड्याहून थोडंच जड.

पोराला तिथंच सांगायला पाहिजे होतं की बाबा, हे 'प्लास्टिक' आलं कुठून. ग्लॉक नावाचा ऑस्ट्रियातला माणूस. पडद्याच्या दांड्या करायचा, पुढं सैन्यासाठी चाकू करायला लागला. पिस्तूल त्यानं आधी कधी बनवलेलं नव्हतं. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ह्याचंच पिस्तूल घेतलं, मोठमोठ्या कंपन्या बघत राहिल्या. लोक तेव्हाही हसले. विमानतळावर मशीनमध्ये सापडणार नाही म्हणून आवई उठली. अरे, नळी पोलादाची, वरची स्लाइड पोलादाची, सापडणार कसं नाही? पुढं अमेरिकेतल्या कितीतरी पोलीस खात्यांनी तेच घेतलं. माझं ग्लॉक नाही. ९ एमएमचं पिस्तूल आपल्यासारख्या साध्या माणसाला मिळतही नाही, आणि नेमबाजीचे खेळाडू सोडले तर बाहेरून आणायचं कधीचंच बंद आहे. पण घडण त्याच घराण्यातली. रेंजवर आजवर जेवढ्या गोळ्या झाडल्या त्यातली एक अडकलेली नाही. आपल्या सोलापुरी चादरीसारखं आहे. दिसायला काही नाही, पण फाटत नाही.

बघा, लिहिता लिहिता मीच त्याची जाहिरात करायला लागलो.

मूळ सांगायचं ते वेगळंच होतं. २०२० चा जानेवारी, गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस. शेळगीत आमच्या घरामागं गोदाम आहे, कांदा गच्च भरलेला. रात्री एकच्या पुढं पत्र्यावर धप्प आवाज झाला. मग कुणीतरी आत उडी टाकल्याचा. मी कपाटातून पिस्तूल काढलं, मागचं दार उघडलं. गोदामाच्या भिंतीला चिकटून एक माणूस उभा, हातात काहीतरी लांब, नळीसारखं. मी पिस्तूल त्याच्यावर धरलं. शिकवल्याप्रमाणं दोन्ही हातांनी, बोट ट्रिगरच्या बाहेर. ओरडलो, "कोण आहे रे?"

"मालक, मी हाय."

आमच्या हमालाचं पोर. चौदा वर्षांचं. गड्ड्याला गेलं होतं, पाळण्यात बसून उशीर झाला, फाटकाला कुलूप, म्हणून भिंतीवरून आलं. हातात पिपाणी होती. होम मैदानावर घेतलेली, रंगीत कागद गुंडाळलेली.

एवढंच. काही झालं नाही. पोर खोलीत जाऊन झोपलं. मी पायरीवर बसून राहिलो, पहाटे यार्डात पहिली गाडी लागेपर्यंत.

आणि त्या रात्री कुत्रं भुंकलं नव्हतं. आमचं कुत्रं रस्त्यावरच्या सायकलवर भुंकतं, पण ओळखीच्या माणसावर भुंकत नाही. ते जागं होतं, शेपूट हलवत होतं, मी बघितलं होतं. कुत्र्याला कळलं ते मला कळलं नाही, कारण हातात पिस्तूल आलं की माणसाला चोरच दिसायला लागतो.

एका वकील मित्राला नंतर आडून आडून विचारलं. म्हणाला, रात्री घर फोडून शिरणाऱ्यापासून बचाव करताना जीव गेला तरी काही प्रसंगी कायदा पाठीशी उभा राहतो, भादंविचं १०३ कलम. (आता न्याय संहिता आली, नंबर बदलला, गोष्ट तीच.) म्हणजे कदाचित मी सुटलोही असतो! आणि त्या पोराच्या बापाला रोज सकाळी गाळ्यावर काय तोंड दाखवलं असतं? पाठीवर पोती घेऊन तो समोरून गेला असता, तेव्हा कुठं बघितलं असतं मी?

म्हणून ह्या स्टेटसवाल्यांचा संताप येतो. वरातीत हवेत गोळ्या काय झाडतात, रिव्हॉल्व्हर कमरेला दिसेल असा शर्ट काय खोचतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हवेत गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी मस्ती जात नाही. वर गेलेली गोळी खाली येते हे ह्यांना शाळेत कुणी शिकवलं नाही का? आणि आपणच असल्या रील्सना बदाम देतो. हो, तुम्हीपण. मी बघितलंय.

मान्य, रानात एकट्या वस्तीवर राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. पोलीस पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. आणि आमच्या दिवाणजींनाही मला पिस्तूल मिळाल्यावर धीर आला, हे खोटं नाही. पण आता शेतकऱ्याचे मालाचे पैसेही बहुतेक खात्यावरच जातात. बॅग घेऊन कोण फिरतंय? कपाटात ठेवलेलं ते नुसतं माझी झोप खातं.

२०२४ ला लोकसभा निवडणुकीच्या वेळी पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं. पावती खिशात घालून स्कूटरवर घरी आलो आणि त्या रात्री जो झोपलो तो सकाळी बायकोनं हलवून उठवलं. निकालानंतर परत आणलं तर पुन्हा आपलं रात्रीतून दोनदा उठून कपाट बघणं सुरू. मग विकून टाकत का नाही, असं कुणीतरी विचारणारच. कारण दुसऱ्या दिवशी दार वाजलं तर? बघा, मी असा आहे.

जुनं, गंजकं असतं तर एवढी भीती वाटली नसती. मनाला सांगता आलं असतं की तेव्हा कदाचित चाललंच नसतं. पण हे चालतंच. घेताना मी दुकानदाराला तीनदा हेच विचारलं होतं, "ऐनवेळी दगा देणार नाही ना?" तो म्हणाला, "शेठ, ह्याला विचार करायला लावू नका, दाबलं की उडतं." किती खूश झालो होतो मी!

आणि आता एवढं लिहिलंच आहे तर. वर मी लिहिलंय की बोट ट्रिगरच्या बाहेर होतं. ते पुसत नाही, राहू दे. पाच-सहा वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलोय. ह्या पिस्तुलाच्या ट्रिगरच्या मधोमध एक बारीक पट्टी असते. ती दाबल्याशिवाय ट्रिगर हलत नाही, तेच त्याचं सेफ्टी. जानेवारीची थंडी होती. ती पट्टी बोटाला किती गार लागली होती, हे मला चांगलं आठवतं.

बायकोला तेव्हा "मांजर होतं" म्हणून सांगितलं होतं. ती हे वाचणार. वाच बाई.

भाच्याचा आत्ताच मेसेज आला, "सॉरी मामा, रागावलात का?" रागावलो नाही रे. रविवारी ये घरी. दाखवणार काही नाही, पण ये.

पुढच्या महिन्यात लायसनची मुदत संपते. नूतनीकरणाचा अर्ज भरून ठेवलाय, सही राहिलीय. आणि ते पोर आता वीस वर्षांचं आहे, आमच्याच गाळ्यावर वजनकाट्याला असतं. उद्या सकाळी गेलो की नेहमीसारखं विचारेल, "मालक, च्या सांगू का?" त्याला त्या रात्रीचं काय आठवतं, मी कधी विचारलेलं नाही.